माळ्याने मागितलेली मुदत



आजच्या शुभवर्तमानात लोक प्रभू येशूकडे एक ताजी बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना ठार मारले होते. त्यावर प्रभू स्वतःहून दुसरी बातमी काढतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली होती. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे तो विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो की नाही. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. तुम्ही मात्र पश्चात्ताप करा, असे ऐकणाऱ्यांना बजावतो आणि मग अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला निघतो. माळी मध्ये पडतो, आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो, खणण्याची आणि खत घालण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतो.

पुष्कळांना या उताऱ्यात विसंगती वाटते. संकट ही पापाची शिक्षा नव्हे म्हणायचे, आणि लगेच पश्चात्ताप करा म्हणायचे, हे कसे? आम्हाला असे वाटते की या दोन गोष्टी मुद्दामच जोडून ठेवल्या आहेत, आणि एका आजाराच्या बाबतीत त्या दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. तो आजार म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग.

शाळा सुटल्यावर हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पुन्हा ऐकलेला नसतो. ऐकला तर तो डॉक्टरांच्या तोंडून, आणि तोही फार उशिरा. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात, आडवा पसरलेला, वितीहून थोडा कमी लांबीचा हा अवयव. घरात एखादी थोरली बाई मागच्या पडवीत बसून दिवसभर निवडणे-पाखडणे करीत असते, तिच्यावाचून घराचे पान हलत नाही, पण पाहुण्यांना तिचे नावही ठाऊक नसते, तसा. आपण जेवतो ते पचविणारे रस तो तयार करतो, आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्शुलिनही तोच तयार करतो. दोन्ही कामे तो बिनबोभाट करतो, आणि दुर्दैवाने आजारी पडला तरी बराच काळ बिनबोभाटच राहतो. हाताला लागेल अशी गाठ येत नाही, तोंडातल्या चट्ट्यासारखे काही आरशात दिसत नाही.

त्यामुळे होते काय ते आकड्यांवरून समजते. २०२२ साली जगभरात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी त्याने सुमारे ४ लाख ६७ हजार माणसे गेली. दोन्ही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहावे. अमेरिकेसारख्या देशात, जिथे उपचारांची कमतरता नाही, तिथेही निदानानंतर पाच वर्षे हयात असणारे शंभरातले तेराच्या आसपास. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढता येईल अशा अवस्थेत सापडणारे रुग्ण शंभरातले पंधरा ते वीस. बाकीच्यांच्या बाबतीत तोवर ती रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली असते किंवा यकृतापर्यंत पोहोचलेली असते. आपल्या देशात हा रोग तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगापेक्षा पुष्कळच कमी आढळतो, हे खरे. पण ज्या घरात तो येतो, त्या घराला हा दिलासा पुरत नाही.

येथे शिलोहाचा बुरूज आठवावा. कर्करोगाची बातमी गावात पसरली की पहिला प्रश्न आपल्या ओठांवर कोणता येतो? 'पीत होता काय?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. उलट त्याला थोडा धीर हवा असतो. तो पीत होता, मी पीत नाही, म्हणजे मी सुरक्षित, असा तो हिशेब असतो. पण त्या प्रश्नाने आजाऱ्याच्या बायकोला, मुलांना काय वाटत असेल? स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या पुष्कळ माणसांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो, ख्रिस्तप्रसादाच्या मिस्सेपलीकडे द्राक्षारसाचा वासही घेतलेला नसतो. या रोगाचा सर्वांत मोठा धोका वाढत्या वयाचा आहे. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. काही घराण्यांत तो रक्तातून येतो. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांत असे आनुवंशिक कारण असते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह आणि वाढलेले वजन यांचाही त्यात वाटा असतो. आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. बुरूज पडतो आणि खाली जे असतात ते सापडतात. तेव्हा आजाऱ्याच्या घरी जाताना पंचनामा घेऊन जाऊ नका. आणि ज्याने खरोखर तीस वर्षे सिगारेट ओढली, त्याच्या उशाशी बसूनही तो पंचनामा कोणी करू नये. त्याने तो रात्री जागून स्वतःच कितीदा केलेला असतो.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी असाच प्रश्न केला होता, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला.

पण म्हणून दुसरी गोष्ट सोडून देता येत नाही. जे आज धडधाकट आहेत, त्यांच्याशी प्रभू वेगळ्या भाषेत बोलतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची आपल्या हातात असलेली जी कारणे आहेत, त्यांत तंबाखू पहिली. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना हा रोग होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असते. निरनिराळ्या अभ्यासांतून असा अंदाज निघतो की, या रोगाच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाचे कारण धूम्रपान असते. धूर तर फुफ्फुसात जातो, मग स्वादुपिंडाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे. धुरातली विषारी द्रव्ये फुफ्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्त जिथे जिथे जाते तिथे तीही जातात. स्वादुपिंडातल्या बारीक नळ्यांच्या अस्तरातल्या पेशी वर्षानुवर्षे त्या विषात भिजत राहतात, आणि एखाद्या पेशीच्या आतली वाढीची शिस्त बिघडते.

आणि आता एक गोष्ट आमच्या मायभगिनींसाठी. धूम्रपानाविरुद्ध बोलले की बायका निश्चिंत होतात, कारण ते पुरुषांचे. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास निघाले, आणि तंबाखू चघळणारे, दाढेखाली धरणारे किंवा दातांना लावणारे शंभरात चोवीसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडची खरी तंबाखू धुराची नाहीच. ती चुन्याबरोबर तळहातावर मळली जाते, पुडीतून येते, आणि सकाळी उठल्या उठल्या मशेरीच्या रूपाने बोटावर असते. मशेरीला तर आपण व्यसनही म्हणत नाही. दात घासणे म्हणतो! भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात धूरविरहित तंबाखूने तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो असा स्पष्ट निष्कर्ष दिला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते ते टपरीवर उभे राहिलेल्याला ठाऊक आहे. पण मशेरीसाठी टपरीवरसुद्धा जावे लागत नाही. ती घरच्या तव्यावर भाजली जाते आणि तिचा वास नातवंडांच्या नाकात जातो. नातवंडाला दुकानात पाठवून तंबाखूची पुडी आणविणारी आजी ही प्रेमळच असते. तिने एवढे एक बंद केले तर त्या लेकरावर तिचे मोठे उपकार होतील.

मद्याचे गणित थोडे निराळे आहे, आणि ते सरळ मांडलेले बरे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध फार पूर्वीच पक्का झालेला आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञ बराच काळ साशंक होते. कारण पिणारे बहुधा ओढणारेही असतात, मग दोष कोणाचा हे कसे ठरवायचे? २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या नेतृत्वाखाली चार खंडांतील सुमारे पंचवीस लाख लोकांची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. कधीही न ओढणाऱ्यांतही मद्याबरोबर धोका वाढतो, असे त्यात दिसले. पुरुषांच्या बाबतीत रोज ३० ग्रॅम मद्यार्कापासून, म्हणजे साधारण तीन लहान पेगांपासून, ही वाढ स्पष्ट होते. स्त्रियांच्या बाबतीत त्याच्या निम्म्यापासूनच. वाढ तंबाखूइतकी मोठी नाही. पण रोज ६० ग्रॅमच्या पुढे जाणाऱ्या पुरुषांत ती एक तृतीयांशाहून अधिक भरली.

याखेरीज मद्याचा एक आडमार्ग आहे आणि तो अधिक भयंकर आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. पचनाचे रस आतड्यात जाण्याऐवजी आतच साचतात आणि ज्या अवयवाने ते तयार केले त्यालाच पोखरू लागतात. पोटात, पाठीत असह्य कळा येतात. माणूस गुडघे छातीशी घेऊन पडून राहतो. सूज पुन्हा पुन्हा येत राहिली की अवयव निबर होतो, त्यात खडे धरतात, साखर वाढते, जेवण पचेनासे होते. अशा जुनाट सुजेतून पुढे कर्करोग होण्याची शक्यता निरोगी माणसाच्या कित्येक पट असते. मद्याबरोबर सिगारेट असेल तर ही सूज लवकर येते. आपल्याकडे तर एक हातात आली की दुसरी दुसऱ्या हातात असतेच.

यावर जी उत्तरे मिळतात ती आम्हाला पाठ झाली आहेत. पहिले, अमक्याचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते. असतील. शिलोहाच्या बुरुजाखालून त्या दिवशी सकाळी शेकडो माणसे सुखरूप गेली असतील. त्यावरून बुरूज मजबूत होता असे ठरत नाही. दुसरे उत्तर अधिक धार्मिक असते. प्रभूने स्वतः काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तुम्ही फादर लोक आम्हाला काय सांगता? हे उत्तर देणारे त्या एका चमत्काराचे फार भक्त असतात. पाच हजारांना भाकरी वाटल्याचे त्यांना इतके आठवत नाही. काना गावी प्रभूने काय केले ते पाहा. एका गरीब लग्नघराची अब्रू जाणार होती, ती त्याने राखली. आपल्या मांडवात दारूने कोणाची अब्रू राहिल्याचे तुम्ही पाहिले आहे काय? नवऱ्या मुलीचा बाप कर्ज काढून बाटल्या आणतो, आणि रात्री अकरानंतर मांडवात जे होते ते पाहून करवल्या मान खाली घालतात. तिसरे उत्तर संत पौलाचे. त्याने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले होते. होय, सांगितले होते. तीमथ्य नुसते पाणी पीत होता आणि वरचेवर आजारी पडत होता, म्हणून. पोट दुखणाऱ्याला औषध म्हणून सांगितलेली थोडीशी मात्रा आणि शनिवारी रात्रीची बाटली यांत किती अंतर आहे ते सांगायला पौल कशाला हवा?

ख्रिस्तसभेने मद्याला पाप म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. वेदीवर आपण द्राक्षारसच अर्पण करतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश' या ग्रंथात, ज्याला आपण कॅटेकिझम म्हणतो, पाचव्या आज्ञेच्या विवेचनात हा विषय येतो. आरोग्य ही देवाने आपल्यावर सोपविलेली ठेव आहे, आणि संयमाचा सद्गुण आपल्याला अन्न, मद्य, तंबाखू, औषधे यांच्या अतिरेकापासून दूर ठेवतो, असा त्याचा आशय आहे. पाचवी आज्ञा कोणती ते आठवा. मनुष्यहत्या करू नकोस, ही. तंबाखूचा विचार ख्रिस्तसभेने त्या आज्ञेखाली केला आहे, याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटची विक्रीच बंद केली. व्हॅटिकनला त्या विक्रीतून मोठे उत्पन्न होत होते. ज्याने माणसाच्या आरोग्याची हानी होते त्यात आपला हात नको, एवढेच कारण दिले गेले आणि उत्पन्नावर पाणी सोडले गेले.

आता अंजिराच्या झाडाकडे येऊ. आजचा सारा उपदेश आम्ही खरे तर त्या माळ्यासाठी लिहिला आहे.

२०१० साली काही शास्त्रज्ञांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी तपासून, हा रोग आत किती दिवस वाढत असतो याचा हिशेब मांडला. पेशीतल्या पहिल्या बिघाडापासून कर्करोगाची खरी पेशी तयार व्हायलाच दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तिथून तो शरीरभर पसरेपर्यंत आणखी काही वर्षे जातात, असे त्यांना दिसले. म्हणजे साठाव्या वर्षी ज्याचे निदान झाले, त्याच्या पोटात ती सुरुवात पंचेचाळिशीच्या आसपास झालेली असू शकते. मुलांची शाळा, घराचे हप्ते, वाडीतली कामे चालू होती आणि मागच्या पडवीत काहीतरी बिघडत होते. कोणालाच कळले नाही.

हे ऐकून भीती वाटते. पण हेच उलट बाजूने वाचा. अनेक वर्षांची मुदत! मालक एका वर्षाला कबूल झाला होता. आपल्या शरीराला देवाने त्याच्या दसपट दिली आहे. आणि ही मुदत पोकळ नाही. सिगारेट सोडलेल्या माणसाचा धोका वर्षागणिक उतरत जातो आणि दहा ते वीस वर्षांत कधीच न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो. चाळिशीत सोडली तर साठीला त्याचे फळ आहे. पन्नाशीत सोडली तरी सत्तरीला आहे. फुफ्फुसांना आणि हृदयाला तर त्याहून लवकर. झाडाला आळे करून शेणखत घातले की दुसऱ्या दिवशी अंजीर लागत नाही, हे आपल्या वाडीवाल्यांना सांगायला नको. पण घातलेले खत वायाही जात नाही.

येथे उपवासकाळाविषयी एक बोलले पाहिजे. आपल्याकडे चाळीस दिवस दारू सोडणारे पुष्कळ आहेत. राखेच्या बुधवारी बाटली आत जाते आणि पुनरुत्थान सणाच्या दुपारी बाहेर येते, कधीकधी व्याजासह. काही जण याला ढोंग म्हणतात. आम्ही म्हणणार नाही. ज्याला चाळीस दिवस राहता येते त्याने स्वतःविषयी एक मोठी गोष्ट शोधून काढलेली असते, फक्त ती त्याच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ आकांक्षा नकोत, मुदत लहान घ्यावी आणि ती पुढे वाढवावी. असे ज्याने केले, त्या एका माणसाची कथा सांगण्यासारखी आहे.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात १८५६ साली मॅट टालबट नावाचा मुलगा एका गरीब घरात जन्मला. बाराव्या वर्षी मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच पिऊ लागला. पुढची सोळा वर्षे सारी मजुरी गुत्त्यात गेली. पैसे संपले की बूट गहाण टाकायचा. एकदा तर सोबत्यांबरोबर त्याने रस्त्यावर सारंगी वाजवणाऱ्या एका गरीब माणसाची सारंगीच विकून टाकली. १८८४ सालच्या एका शनिवारी खिशात दमडी नव्हती. तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजली होती ते मित्र एकेक करून समोरून गेले, कोणी आत चल म्हटले नाही. तो घरी आला आणि मी दारू सोडणार असे आईला म्हणाला. त्याच दिवशी त्याने प्रायश्चित्त संस्कार घेतला आणि धर्मगुरूपुढे शपथ घेतली. जन्मभराची नव्हे, तीन महिन्यांची. ते तीन महिने त्याला नरकासारखे गेले. ते संपल्यावर त्याने आणखी मुदत घेतली आणि शेवटी जन्मभराची. तो कोणी मठवासी झाला नाही. लाकडाच्या वखारीत हमाली करीत राहिला, पहाटे मिस्सेला जात राहिला, जुनी देणी फेडीत राहिला. त्या सारंगीवाल्याला त्याने वर्षानुवर्षे शोधले, तो सापडला नाही तेव्हा त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशांतून मिस्सा अर्पण करविल्या. पुढे तंबाखूही सोडली. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना रस्त्यातच तो कोसळला आणि वारला. एकेचाळीस वर्षे त्याने मद्याला स्पर्श केला नव्हता. १९७५ साली पोप सहावे पौल यांनी त्याला 'वंदनीय' ही पदवी दिली. आज जगभरचे व्यसनग्रस्त आणि त्यांच्या बायका-मुले त्याच्या मध्यस्थीने प्रार्थना करतात.

या उपवासकाळात ज्यांनी सोडली आहे, त्यांनी पुनरुत्थान सणाला बाटली उघडण्याऐवजी मुदत वाढवून घ्यावी. पन्नासाव्या दिवसापर्यंत, पेन्टेकॉस्टपर्यंत. मग पुढचे पुढे पाहू.

मात्र एक सावधगिरी. जो माणूस रोज सकाळपासून पितो आणि न प्यायल्यास ज्याचे हात थरथरतात, त्याने भावनेच्या भरात एकाएकी बंद करू नये. अशा माणसाला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. घरच्यांनी देवळात शपथ घालून त्याला खोलीत कोंडू नये. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी शासनाची विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. तेथे समुपदेशक बोलतात आणि नंतर विचारपूसही करतात. मद्यासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आहेत. तिथे नाव-गाव विचारीत नाहीत, आणि समोर बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेने आलेला असतो. आमच्या प्रवचनापेक्षा त्या खोलीतला एक तास अधिक कामाचा ठरतो, हे मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

ज्यांच्या घरात मोठी माणसे आहेत त्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या रोगासाठी सर्वांनी करून घ्यावी अशी तपासणी आजही उपलब्ध नाही, म्हणून लक्षणांकडेच डोळे ठेवावे लागतात. डोळे आणि त्वचा पिवळी होणे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, आणि तरी पोटात दुखत नाही, अशी कावीळ असेल तर ती साधी समजू नये. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून पित्ताची नळी जाते. तिथे गाठ झाली की नळी दबते आणि कावीळ दिसते. म्हणजे हा मुका अवयव त्या वेळी तरी बोललेला असतो. आणि आपण काय करतो? गळ्यात काविळीची माळ घालतो, नाकात थेंब सोडून घेतो, आणि माळ वाढत चालली म्हणून कावीळ उतरतेय असे समजून महिना घालवतो. जो महिना गाठ काढता येण्याचा होता तोच. ती माळ घालणाऱ्यांना आम्ही वाईट म्हणत नाही, परंतु आधी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, एवढेच सांगणे. तसेच कारण नसताना वजन उतरणे, जेवणावरची इच्छा जाणे, वरच्या पोटात सुरू होऊन पाठीकडे जाणारे आणि रात्री वाढणारे दुखणे, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला किंवा अचानक हाताबाहेर गेलेला मधुमेह, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकदा कारण किरकोळच निघेल. घरात दोन जवळच्या नातलगांना हा रोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या नावाने लोक हबकतात. १९४१ पासून ते रुग्णालय गरिबांनाही उपचार देत आले आहे, आणि विरारहून सुटणाऱ्या गाडीने दादरला उतरून तिथे जाता येते. तिथे जाणे म्हणजे शेवट नव्हे.

आज मिस्सेतील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण कर्करोगाने आजारी असलेल्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी विनंती करणार आहोत. ज्यांना व्यसन सोडायचे आहे, पण कोणाशी बोलावे हे कळत नाही, त्यांनी मिस्सेनंतर धर्मगुरू निवासात यावे. नाव कुठे लिहिले जाणार नाही. आणि ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, त्यांनी आपापल्या समूहाच्या प्रमुखांकडे निरोप ठेवावा. येत्या शुक्रवारी सकाळपासून आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन घरोघरी निघणार आहोत. ज्यांना तैलाभ्यंग हवा असेल त्यांनाही देऊ.